बर्गरची चतुःसीमा

बर्गरची बशी समोर आली की वाव्हळे ती आधी फिरवून घेत. उत्तर दिशा कुठं आहे, हे त्यांना कुठल्याही खुर्चीत बसल्याबसल्या कळायचं. मग वरचा पाव दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवत आणि कोणीतरी लिहून घेतंय अशा आवाजात सांगत, "पूर्वेस टमाट्याची चकती एक. पश्चिमेस कांदा, तोबी सकाळचा. दक्षिणेस काहीच न्हाई, पडीक." शेजारच्या टेबलावरची कॉलेजची पोरं हसायची. मी मेनूकार्ड वाचत असल्यासारखं करायचो. मेनूकार्ड एका पानाचं असायचं, तरी मला ते फार वेळ पुरायचं.

आम्ही दोघं परभणीला जमीनमोजणीच्या कचेरीत होतो. वाव्हळे मोजणीदार, उन्हातान्हात लोकांच्या शेतांच्या हद्दी कायम करणारे. मी पंख्याखाली बसून त्यांच्या नकाशांना क्रमांक देणारा कारकून. एकाला साखर, दुसऱ्याला कवळी, आणि महिन्यातून एकदा दोघं मिळून कुठल्या ना कुठल्या नव्या ठिकाणी बर्गर खायला जायचो. कचेरीत आमच्या दोस्तीचं कौतुक होतं. मी ते होऊ दिलं. वाव्हळे जाऊन आता वर्ष होत आलं, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

आधी त्यांचे निकाल सांगतो, कारण ते माझ्यापेक्षा वाचनीय आहेत. जिंतूरला बसस्टँडसमोर एक दुकान निघालं होतं. दारावर लाल-पिवळे दिवे, आत बर्गर म्हणून जे आलं त्यात चेपलेला बटाटेवडा आणि लसणाचा ठेचा. मला ते झकास लागलं. वाव्हळ्यांनी एक घास खाऊन मालकाला जवळ बोलावलं आणि फार मायेनं सांगितलं, "माल चांगला हाय, नोंद चुकलीय. हा वडापाव हाय. तुमी सातबाऱ्यावर दुसऱ्याचंच नाव लावलंय." राणीसावरगावला मोजणीला गेले असताना खताच्या दुकानाशेजारी एक बर्गरवाला सापडला, म्हणून पुढच्या रविवारी मलाही घेऊन गेले. एवढ्या लांब, एसटीनं, मांडीवर छत्री घेऊन. तिथं पाव तळहाताएवढा आणि टिक्की बंद्या रुपयाएवढी निघाली. "बांध कोरलाय कुणीतरी," वाव्हळे म्हणाले, आणि पाव चारी बाजूंनी कुरतडून त्यांनी आधी हद्द सरळ करून घेतली. मी तेवढ्यात सॉस शर्टावर सांडून घेतला होता. माझ्या प्रत्येक शर्टावर एकेका गावाची खूण आहे.

आता हे सुरू कसं झालं ते. वाव्हळ्यांनी घर बांधलं. रविवारी बुद्धवंदना आणि सगळ्या कचेरीला जेवण. आमंत्रण द्यायला ते माझ्या टेबलाशी आले, तेव्हा मी म्हणालो, "अरेरे, माझा नेमका संकष्टीचा उपास." माझ्या मागं भिंतीवर कालनिर्णय होतं. संकष्टी चार दिवसांपूर्वीच होऊन गेली होती आणि त्या दिवशी मी त्यांच्यासमोर पावशेर कांदाभजी खाल्ली होती. वाव्हळ्यांनी कॅलेंडरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "धरा उपास. सोडायला कवा येताव तेवढं सांगा."

वाव्हळे बौद्ध, मी झरीचा देशमुख. यापेक्षा जास्त कारण नव्हतं. मी स्वतःला पुरोगामी समजायचो. आंबेडकर जयंतीला स्वखुशीनं वर्गणी द्यायचो, मिरवणुकीतलं सरबत प्यायचो, भाषणही एकदा केलं होतं. फक्त त्यांच्या स्वयंपाकघरातलं ताट पुढं येणार म्हटलं की माझ्या पोटात कुठला तरी पणजोबा जागा व्हायचा. आणि त्यांना आपल्या घरी बोलवावं तर आईला चालणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

त्या सोमवारी शरमेपोटी मीच म्हणालो, वसमत रोडला नवीन बर्गर निघालाय, चला. तो पहिला. पुढं वाव्हळ्यांनी घरी बोलावलं की मी बर्गर पुढं करायचो. पोरीचं लग्न ठरलं, बर्गर. नातू झाला, बर्गर आणि वर मिल्कशेक. बर्गर कुणाच्या चुलीवरून आला हे कोणी विचारत नाही, त्याला कुळ नाही की गोत्र नाही, हा त्याचा मोठा गुण माझ्या फार कामी आला. असं बारा वर्षं चाललं.

शेवटची दोन वर्षं आमचं हिंडणं थांबलं, कारण सर्वांत चांगला बर्गर सापडला होता. शेखचाचांची गाडी, कॉलेजच्या कोपऱ्यावर. टिक्की वरून कुरकुरीत, आत तूरडाळ आणि बटाटा, कारळाची चटणी पुसटशी. मी दर वेळी वेड्यासारखी तारीफ करायचो. एकदा म्हणालो, "वाव्हळे, ही टिक्की ज्या हातांची आहे ना, त्या माणसाच्या पाया पडलं पाहिजे."

"पडा की," ते म्हणाले. "घाई काय हाय?"

तिथं मात्र त्यांनी कधी पाव उचलला नाही, चतुःसीमा सांगितली नाही. मुकाट्यानं खायचे. मला वाटलं, म्हातारे झाले.

मग एका शुक्रवारी वाव्हळे रजेवर होते. मी एकटाच गाडीवर गेलो. तवा थंड होता. शेखचाचा म्हणाले, "आज बर्गर नक्को बोलो साब. वाव्हळेसाब की घरवाली को बुखार है. टिक्कियां उनोच बनाके देते ना."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी गाडीला धरून उभा राहिलो. चाचांनी पाणी दिलं, त्यांना वाटलं माझी साखर उतरली. दोन वर्षं मी ज्या स्वयंपाकघरातून पळत होतो, तिथलंच मिटक्या मारत खात होतो, वर शनिवारी घरी चार पार्सल नेत होतो. आणि पोटातल्या पणजोबाला त्याचा पत्ताही लागला नव्हता.

वाव्हळे कामावर आले तेव्हा मी टेबलाशी जाऊन सगळं एका दमात बोललो. संकष्टीचं, आईचं, बर्गरचं. शेवटी म्हणालो, या रविवारी तुमच्याकडे जेवायला येतो. फार मोठं दान देत असल्यासारखा माझा आवाज लागला होता, आता आठवलं की कान गरम होतात.

ते नकाशाची गुंडाळी करत होते, ती त्यांनी पूर्ण केली. म्हणाले, "आमच्या घरचं तर तुमी दोन साल झाले खायलाव, देशमुख. त्यात नवं काय? तुमच्या घरी कवा बोलवताव ते बोला."

मी आठ दिवस आईशी बोलण्याची तयारी केली. ऐंशी वर्षांची बाई, तिला कसं पटवायचं, काय दाखले द्यायचे. शेवटी सांगितलं. आई लसूण सोलत होती. म्हणाली, "मग आण की. मी कधी नको म्हणले? तूच म्हणायचास, त्यांना बाहेरचंच आवडतं."

म्हणजे पणजोबा कोणी नव्हताच. मीच होतो.

रविवारी वाव्हळे आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. वैनींनाही घेऊन या, असं म्हणायचं मला सुचलं नव्हतं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं नाही. बायकोनं पुरणपोळी केली होती. आई त्यांना आग्रह करत होती, पोरीचं सासर विचारत होती. मला वाटलं, एवढंच तर होतं. मी स्वतःवर इतका खूश झालो की तीन पोळ्या खाल्ल्या.

जेवण झालं आणि वाव्हळे स्वतःचं ताट उचलून मोरीकडं निघाले. आई म्हणाली, "राहू द्या हो तिथंच." ते म्हणाले, "सवय हाय, माय." मी मांडीवर हात ठेवून बसलो होतो. हात पुढं केला असता तर ताट माझ्याकडं आलं असतं. मी नळाचा आवाज ऐकत बसलो. त्यांनी ताट घासलं, धुतलं आणि आमच्या भांड्यांत न ठेवता मोरीच्या कट्ट्यावर वेगळं पालथं घातलं.

त्याच महिन्यात ते निवृत्त झाले आणि नांदेडला पोरीजवळ राहायला गेले. फोनवर दर वेळी म्हणायचे, "या एकदा जेवायला." मी दर वेळी येतो म्हणायचो. गेलो तो ते वारल्यावर, त्यांच्या पुण्यानुमोदनालाच. वंदना झाली, पंगत बसली. वैनींनी स्वतः वाढलं. मी सगळं जेवलो, ताट उचललं आणि नळ कुठं आहे ते शोधू लागलो.

वैनी मागून आल्या आणि त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. "आणा इकडं, भाऊ," त्या म्हणाल्या. "आमच्यात पाव्हण्याला ताट उचलू देत न्हाईत."