पाठीत सुरा असलेल्या गायकाला भेटायला सिंगापूरला

सिंगापूरला लोक सिंहाच्या तोंडातून पडणारं पाणी बघायला जातात. मी एका माणसाला मेलेलं बघायला गेले, तेही रीतसर तिकीट काढून.

त्याचं असं झालं. माझी थोरली बहीण मंगलताई वीसेक वर्षं सिंगापुरात आहे. एका कंपनीत अकाउंट्स बघते, वुडलँड्सला स्वतःचा फ्लॅट आहे, आता पीआर, म्हणजे तिथली कायमची रहिवासीही आहे. तिच्या लेकीचा, सईचा, फोन आला. "मावशी, यू मस्ट कम. आई गात नाही आता."

ताईला ओळखणारा कुणीही यावर देवापुढे साखर ठेवेल. ताई बेसूर आहे. थोडीथोडकी नाही, चांगली भरभक्कम बेसूर आहे. कॉलेजात असताना आमच्या आतेभावानं आखातातून एक कॅसेट आणली होती. रिकी पेंडलबरी नावाचा इंग्लंडचा पॉप गायक, कपाळावर कुरळ्या बटा, अंगात चामड्याचं जाकीट. बाबा त्याला 'तुमचा तो पेंडसे' म्हणायचे. त्यातलं एक गाणं ताईनं जे धरलं, ते फोडणी घालताना, कपडे वाळत घालताना, लग्नानंतरही चालूच राहिलं. अनिलभावोजींचा कान पक्का होता. हॉलमध्ये पेपर वाचता वाचता ते ओरडायचे, "अगं, वर जा, वर!" आणि मग स्वतःच ती ओळ बरोबर गाऊन दाखवायचे. त्यांचा संसार बराचसा असाच झाला.

भावोजी दीड वर्षापूर्वी गेले. हार्ट अटॅक. तेव्हापासून ताईचं स्वयंपाकघर गप्प होतं.

आणि आता सईला जाहिरात दिसली होती. तोच पेंडलबरी आता नट झाला होता आणि एका खुनाच्या विनोदी नाटकात काम करायला सिंगापूरला येत होता. तिनं तीन तिकिटं काढून टाकली. "हे बघूनही ती गायली नाही ना मावशी, देन आय डोन्ट नो लाह," ती म्हणाली. 'लाह' हे तिथल्या बोलण्याचं शेपूट, त्याला अर्थ नसतो, पण तिच्या आवाजातली काळजी ऐकून मी व्हिसासाठी एजंट गाठला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: व्हिसा एजंटकडून सहज होतो, विमान मुंबईहून घ्यावं, आणि चांगी विमानतळावर उतरल्यावर उगाच टॅक्सी करू नये. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, स्वस्त आहे आणि तिच्यात माणसं एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत. पुण्याहून गेलेल्या माणसाला यानं जरा एकटं वाटतं.

यंदा सिंगापूरच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पूर्ण होत आहेत, त्यामुळे इमारतीइमारतींवर लाल-पांढरे झेंडे होते. ताईच्या दहाव्या मजल्यावरून समोर पाण्याची पट्टी आणि पलीकडे चक्क मलेशिया दिसतो. "परदेश बघायचाय? वाळत घातलेला टॉवेल बाजूला कर," सई म्हणाली.

सकाळी खाली हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, नाश्त्याला गेलो. टोस्टमध्ये काया नावाचा नारळाचा जॅम, बरोबर घट्ट कॉफी. तिघींचं मिळून पुण्यातल्या एका बऱ्या कॉफीच्या किमतीत झालं. तिथे एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं, म्हणून मी बसायला गेले, तर सईनं मला ओढलंच. "मावशी, दॅट वन टेकन!" पाकीट ठेवलं की जागा धरली, असा तिथला कायदा आहे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या जातीला हे समजावून सांगावं लागत नाही. मी लगेच दुकानातून चार पाकिटं घेतली.

घरी ताईनं दुपारचा स्वयंपाक केला. मोहरी तडतडली ती हॉलपर्यंत ऐकू आली. दुसरा आवाज नव्हताच. मला ते सहन होईना.

"ताई, गात का नाहीस गं?"

"कुणासाठी?" तिनं गॅस बारीक केला. "मी चुकायचे, ते दुरुस्त करायचे. आता कोण सांगणार वर जा म्हणून? चुकायलासुद्धा घरात माणूस लागतं, शमे."

मी कोथिंबीर निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दुपारचा प्रयोग होता. थिएटर हार्बरफ्रंटच्या बाजूला, म्हणजे बेटाचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला. वुडलँड्सहून लाल लाइन, धोबी घाटला बदलून जांभळी. (हो, धोबी घाट नावाचं स्टेशन आहे. नाही, कुणी कपडे धूत नव्हतं.) गाडीत ताईनं मला पेंडलबरीचं चरित्र ऐकवलं, आणि ती इतकी सलग बोलतेय याचंच मला बरं वाटलं.

बाप बसचा कंडक्टर. हा पोरगा मासळीबाजारात गायचा, तिथून कुणीतरी उचलला. एक गाणं जगभर वाजलं. दुसरी कॅसेट त्याच्या आईनं घेतली. मग त्यानं अभिनय धरला. एका मालिकेत सात-आठ वर्षं हाडांचा डॉक्टर होता, रस्त्यात लोक त्याला गुडघे दाखवायचे. मग एका सिनेमात परग्रहावरचा प्राणी झाला, त्यात चेहरा दिसला नाही, पण चाल ओळखू येत होती म्हणे. गाणं मात्र त्यानं केव्हाच सोडलं होतं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता यात मुख्य भूमिका आहे. सगळं नाटक त्याच्याभोवती फिरतं," ताई अभिमानानं म्हणाली.

ते शब्दशः खरं निघालं. पडदा उघडला, पेंडलबरी कुरळ्या बटा उडवत आला, 'गुड इव्हनिंग' म्हणाला आणि पाठीत सुरा बसून सोफ्यावर पडला. मग तास झाला तरी उठला नाही. बाकीची मंडळी त्याच्याभोवती फिरत खुनी शोधत होती. मी पुण्याहून समुद्र ओलांडून आले होते आणि तो मला पाठ दाखवून निजला होता. ताई टक लावून बघत होती. "श्वास बघ कसा धरलाय," ती कुजबुजली. (थिएटरात एसी भयंकर असतो. शाल न्याच.)

मध्यंतर झालं आणि ताई पर्समधून बटाटेवड्यांचा डबा काढून उठली. "चला आत."

"आत? आई, नो! नोबडी डझ दॅट!"

"मध्यंतरात आत जाऊन भेटायचं नाही तर काय फोन करायचा?" ताई म्हणाली. पुण्यात आम्ही लहानपणापासून हेच केलंय. नाटक आवडलं की मध्यंतरात रंगपटात जायचं, 'छान चाललंय' म्हणायचं, आणि नटानं घाम पुसत हात जोडायचे. न जाणं हा नटाचा अपमान. मी जागेवर तीन कागदी रुमालांची पाकिटं ठेवली आणि निघाले.

दाराशी एक वयस्कर चिनी रखवालदार होते. "कॅनॉट, लाह. नो एंट्री."

"अंकल, इंटरव्हल मस्ट मीट," ताईनं समजावलं. "अदरवाइज ॲक्टर व्हेरी सॅड." आणि डबा उघडला. अंकलनी वास घेतला, एक वडा घेतला, इकडेतिकडे बघितलं. "टू मिनिट्स ओन्ली, आह."

आत पेंडलबरी स्टुलावर ताठ बसला होता. सुरा पट्ट्यानं बांधलेला असल्यामुळे त्याला टेकता येत नव्हतं. कुरळे केस शेजारच्या खुंटीवर होते. डोकं तुळतुळीत. त्यानं आमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि आम्ही जेवणाचं बघणाऱ्या बायका आहोत असं समजून वडा उचलला.

ताई डबा धरून त्याच्या टकलाकडे बघत राहिली. शेवटी सईच म्हणाली, "यू डाइड व्हेरी वेल, अंकल."

"थँक यू," तो मनापासून म्हणाला. "हे कुणी सांगत नाही." (पुढचं सगळं इंग्रजीत झालं, मी मराठीत देते आहे.)

ताई एक पाऊल पुढे झाली. "ते गाणं तुम्ही आता का गात नाही?"

"विसरलो हो. किती वर्षांत कुणी मागितलंच नाही."

"मला येतं," ताई म्हणाली. आणि तिथेच, रंगपटात, वड्यांचा डबा हातात धरून, दीड वर्षांनी ताई गायला लागली.

पहिल्या ओळीला पेंडलबरीचा वडा तोंडापाशी थांबला. दुसऱ्या ओळीला त्यानं डोळे मिटले. तिसऱ्या ओळीला त्याला राहवेना. "नो, नो! वर! ते वर जातं!" तो ओरडला, आणि त्यानं ती ओळ गाऊन दाखवली. आवाज फाटका होता, पण सूर लख्ख होता.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. सईनं माझा दंड घट्ट धरला. आता ही रडत बसणार, असं मला वाटलं. पण ताईनं नाक ओढलं आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा तशीच खाली. माझी खात्री आहे, या वेळी ती मुद्दाम चुकली. तो पुन्हा ओरडला, पुन्हा गायला.

तेवढ्यात कानाला माइक लावलेली एक मुलगी आत आली आणि आम्हाला बघून दचकली. "मिस्टर पेंडलबरी, दोन मिनिटांत तुम्हाला मेलेलं असायला हवं." त्यानं केस चढवले, उरलेला वडा तोंडात कोंबला आणि मरायला गेला. आमच्या जागा पाकिटांनी व्यवस्थित राखल्या होत्या.

दुसऱ्या अंकात इन्स्पेक्टर प्रेतावर वाकला, त्याला लसणीचा वास आला असावा, कारण तो वाक्य विसरला. मग सावरून म्हणाला, "याला मरून बारा तास झालेत." सभागृह शांत झालं, आणि त्या शांततेत माझ्या शेजारून गुणगुणणं ऐकू आलं. ताई गात होती. तिला भानच नव्हतं. पुढच्या रांगेतली बाई वळून 'शूऽऽ' म्हणाली. तिसरी ओळ आली, ताई नेहमीप्रमाणे खाली गेली.

सोफ्यावरच्या प्रेतानं डोळे न उघडता एक बोट उचललं आणि वर दाखवलं.

लोकांना काय वाटलं कोण जाणे, पण असा हशा मी कुठल्या थिएटरात ऐकला नाही. सगळ्यांत मोठ्यानं ताई हसत होती.

मग उरलेले दिवस मी सिंहाचं पाणी पाहिलं, बागा पाहिल्या, लिटल इंडियात डोसा खाल्ला. ते सगळं छान आहे, तुम्हीही बघा. पण घरी येऊन बॅग उपसल्यावर कुणी विचारलं, काय पाहिलंस, तर माझ्या तोंडून पहिल्यांदा ते बोटच निघतं.

परवा रविवारी ताईला फोन लावला. तिनं तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला असावा. कुकरची शिट्टी, मोहरीची तडतड, आणि वरून ते गाणं, पूर्वीइतकंच भयंकर. हॉलमधून सई ओरडली, "आई! वर लाह, वर!" आणि तिनं ती ओळ गाऊन दाखवली. सूर थेट भावोजींचा होता. पोरीला गाता येतं, हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं.

ताई पुन्हा चुकली. इकडे पुण्यात, माझ्या स्वयंपाकघरात, मी पिठाचं बोट वर करून उभी होते.