भाऊजींच्या टाकीतला आवाज

आमच्या भाऊजींना मासे आवडत नाहीत. ताटातले नाहीत आणि टाकीतलेही नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या घरी जाऊन आलेला प्रत्येक पाहुणा जिना उतरताना म्हणतो, "काय हौस आहे हो या माणसाला!" बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, खाऱ्या पाण्याची ती छोटी टाकी आहे. आत प्रवाळ असं फुललेलं की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. नारंगी मासे, जांभळे दगड, वर निळसर दिवा. आणि हे सगळं ज्याने उभं केलं त्या माणसाला त्यातला एक मासा दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लिफ्ट दुरुस्त करतात. त्यांची उभी हयात लिफ्टखालच्या खड्ड्यात आणि गच्चीवरच्या मशीनखोलीत गेली. कंपनीत त्यांना सगळे 'कानसेन' म्हणत. बंद पडू घातलेल्या लिफ्टमध्ये ते डोळे मिटून उभे राहायचे, एकदा वर जाऊन खाली यायचे आणि म्हणायचे, "चौथ्या मजल्याच्या दाराचा रोलर झिजलाय." उघडून बघावं तर झिजलेला असायचाच. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्यावर आम्हा दोघांचीही पोटं. फक्त ते कानांनी शोधत आणि त्यांच्या चुकीवरून माणूस खाली पडू शकत असे, एवढाच काय तो फरक.

असा माणूस घरात असला की घराला सुख नसतं. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा जेवणापेक्षा त्यांचं लक्ष पंख्याकडे जास्त. हात धुतले ते थेट स्टुलावर चढले. आई म्हणाली, "जावई चांगला मिळाला." वडील म्हणाले, "पंखा तरी चांगला झाला." त्यानंतर दर भेटीत आमच्या घरातली एकेक वस्तू गप्प होत गेली.

टाकी आली ती ताईसाठी. एका दाताच्या डॉक्टरची लिफ्ट भाऊजींनी सुट्टीच्या दिवशी जाऊन चालू करून दिली होती. त्याने मोठी टाकी घेतली आणि दवाखान्यातली जुनी ही भाऊजींच्या गळ्यात मारली. ताई लॉन्ड्रीत काम करते. दिवसभर वाफ आणि यंत्रांचा खडखडाट. घरी आल्यावर समोर काहीतरी हलतं असावं आणि ते बोलणारं नसावं, एवढीच तिची अपेक्षा. पाणी, दोन मासे, प्रवाळाचे तीन-चार गड्डे आणि समुद्रातून काढलेले सच्छिद्र दगड असा तो संसार होता. शोभेचे मासे विकणारा मासेवाला या दगडांना जिवंत दगड म्हणतो, कारण त्यांच्या भोकांत कोण कोण राहत असतं ते दगडालाही ठाऊक नसतं.

आणि एका सकाळी चहा घेताना भाऊजींनी कप खाली ठेवला.

"ऐकलंस?"

"काय?" ताई म्हणाली.

"टक. टाकीतून आवाज आला. टक."

ताईला काही ऐकू आलं नव्हतं. तिच्यासमोर शेगडी चालू होती आणि कामावर जायची घाई होती. मला रविवारी बोलावून टाकीसमोर बसवण्यात आलं. मी बसलो, कंटाळलो, उठलो. मी जिन्यात पोचलो की आवाज झाला म्हणे. पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, "भाऊजी, तुमचा आवाज माणूसघाणा दिसतोय." त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

एरवी ही गोष्ट इथेच हसण्यावारी गेली असती. पण त्याच सुमारास कंपनीने नवा नियम काढला. खड्ड्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचे कान दरवर्षी तपासायचे. त्यात गैर काही नव्हतं. वर बसलेल्याला खालच्याची हाक ऐकू आली नाही तर खालच्याचा जीव जातो. जो नापास होईल त्याने गोदामात बसून सुटे भाग मोजायचे. भाऊजी मोठ्या दिमाखात तपासणीला गेले आणि आपले कान किती तिखट आहेत हे सांगायला म्हणून डॉक्टरला त्या 'टक'ची गोष्ट सांगून बसले. डॉक्टरने शांतपणे विचारलं, "घरात आणखी कोणाला येतो हा आवाज?" मग त्याने समजावलं की या वयात कान स्वतःच आवाज करू लागतात, तीच उतरणीची सुरुवात असते, पुढच्या वेळी नीट बघू.

त्या दिवसापासून भाऊजींचं एकच काम झालं. तो आवाज टाकीत आहे हे सिद्ध झालं तर कान शाबूत. नाही झालं तर कान गेले, लिफ्ट गेली, उरलं गोदाम. "मी गोदामात बसणार नाही," ते ताईला म्हणाले. "तिथे काहीच वाजत नाही."

बिघाड शोधण्याचा त्यांचा नियम साधा होता: एका वेळी एकच भाग बदलायचा, आणि ऐकायचं. पहिल्यांदा पंप बदलला. जुना घुरघुरत होता, नवा गप्प. मासे खूश झाले असावेत. टक मात्र येतच राहिली. मग हीटर बदलला. त्यातली पट्टी तापून वाजत असेल अशी शंका. पाण्याची उष्णता एकसारखी राहू लागली आणि मिटून बसलेलं एक प्रवाळ उघडलं. भाऊजींनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मग पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र बदललं; पाणी काचेइतकं स्वच्छ झालं. मग लाटा करणारी मोटर. मग दिवा, कारण जुन्या दिव्याचा पत्रा तापून तडकत असेल. नव्या दिव्याखाली प्रवाळाला असे काही रंग चढले की वरच्या मजल्यावरची मंडळी पाहुणे घेऊन येऊ लागली.

शेवटी लाकडी स्टँड गेला आणि लोखंडी आला. त्याच्या पायांखाली लिफ्टच्या मशीनखाली घालतात ते रबराचे ठोकळे. टाकी भूकंपातही हलणार नाही अशी बसवली. मासेवाला तर भाऊजी दिसले की गल्ला सोडून उठायचा. "साहेब, तुमच्यासारखा दर्दी माणूस मी बघितला नाही," तो म्हणाला. "लोक स्वस्त शोधतात, तुम्ही फक्त एवढंच विचारता की वाजतं का."

एक गोष्ट मला अजून नवलाची वाटते. सगळं बदललं, पण दगडांवर आणि दगडांत राहणाऱ्यांवर या माणसाने कधी संशयच घेतला नाही. वाजतं ते यंत्र, जीव बिचारे गप्प असतात, हा त्यांचा हिशोब. संसाराला इतकी वर्षं झाली तरी हा हिशोब कसा टिकला ते ताईलाच विचारायला हवं.

वर्ष गेलं. दुसऱ्या तपासणीत ते काठावर पास झाले. डॉक्टरने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि भाऊजींनी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यानंतर घरात बारीकसारीक बदल दिसू लागले. टीव्हीचा आवाज वाढला. आपण काही बोललो की भाऊजी म्हणायचे, "हं?" मग म्हणायचे, "हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात." सुरुवातीला ताई हसायची. नंतर भाऊजींच्या कामावरच्या जोडीदाराने तिला लॉन्ड्रीच्या दारात गाठून सांगितलं, "मी खालून थांबा म्हणून ओरडलो आणि यांनी वरून लिफ्ट हलवली. मी भिंतीला चिकटलो म्हणून वाचलो. वहिनी, मी कुणाला बोललो नाही, पण तुम्ही बघा." त्यानंतर ताई हसायची बंद झाली.

तिने मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? तुमचे कान गेले?" ती म्हणाली. "या माणसाकडे दुसरं आहे काय?"

मी चिडलो. भाऊजींवर, ताईवर, त्या माशांवरसुद्धा.

मग एका दुपारी भाऊजींचा फोन आला. इतके जोरात बोलत होते की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मेहुणे, आवाज गेला! पुन्हा एक नवा पंप बसवला. चार दिवस झाले, टक नाही. आधीच्या पंपातच खोट होती, हा बसवला आणि संपलं. परवा तपासणी आहे, त्या डॉक्टरला आता बघतोच. तुम्ही चहाला या."

मी गेलो. भाऊजींनी नवा सदरा घातला होता. टाकीसमोर खुर्च्या मांडलेल्या, जणू आत कुणाचं भाषण होतं. ताई चहाचा ट्रे घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता बसली.

"आणि हे बघा, नव्या दिव्याचा फायदा," भाऊजी म्हणाले. "एवढी वर्षं हा दिसलाच नव्हता."

समोरच्या काचेला लागून एका दगडाखाली बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी एक कोळंबी बसली होती, दोन वर्षांत खाऊन-पिऊन बोटाएवढी झालेली. तिची एक नांगी अंगाच्या मानाने भलतीच मोठी, पाना हातात धरून बसल्यासारखी. भाऊजींना ती फार आवडली होती. माशांकडे न बघणाऱ्या माणसाने तिचं नाव ठेवलं होतं, 'हेल्पर'.

"आता गप्प बसा आणि ऐका," त्यांनी एक बोट वर केलं.

आम्ही गप्प बसलो. पंप खरोखरच मुका होता. पाणी फिरत होतं, प्रवाळ डुलत होतं. एक गोगलगाय सरपटत बिळाशी आली. कोळंबीने ती मोठी नांगी उघडली आणि मिटली.

टक.

काचेला तडा गेला की काय असं वाटून माझ्या बशीत चहा सांडला. ताईने माझ्याकडे पाहिलं. भाऊजींचं बोट तसंच वर होतं आणि चेहऱ्यावर असं समाधान की मला तिथे बसवेना.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "काही म्हणजे काही नाही."

मी 'वा' म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. दोन वर्षांत त्या माणसाला पहिल्यांदा इतकं आनंदात पाहत होतो. पण ताईने ट्रे बाजूला ठेवला. "अहो," ती म्हणाली. त्यांना ऐकू गेलं नाही. मग ती उठली, त्यांचा तो वर धरलेला हात हातात घेतला आणि त्याचा तळवा काचेवर, बिळाच्या अगदी समोर टेकवला.

"काय गं?" ते हसले. "काच आहे. कळलं."

"थांबा जरा."

आम्ही तिघे थांबलो. गोगलगाय अजून तिथेच घुटमळत होती. कोळंबीने नांगी उघडली. टक.

भाऊजींचं हसू ओसरलं. या हातांनी आयुष्यभर लिफ्टच्या रुळांना हात लावून बिघाड पकडले होते. त्यांनी कोळंबीकडे पाहिलं, मग हाताकडे, मग ताईच्या तोंडाकडे. हात काढला नाही.

"पुन्हा होऊ दे," ते म्हणाले.

पुन्हा झालं.

"हाच," ते म्हणाले. "हाच तो. म्हणजे होता आवाज."

"होता," ताई म्हणाली. मोठ्याने, तोंड त्यांच्याकडे करून.

"पंप नव्हता."

"नव्हता."

"माझ्या कानातला नव्हता."

"नाही हो. तुम्हीच बरोबर होतात."

दोन वर्षं हवं होतं ते हेच. ते मान्य करणारे दोन साक्षीदारही समोर बसले होते. भाऊजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "आत्ता तुम्हाला आला?"

मी होकाराची मान हलवली. त्या वेळी मला जितकं वाईट वाटलं तितकं वडील गेले तेव्हाच वाटलं होतं.

"केवढा येतो?"

ताईने त्यांचा दुसरा हात घेतला आणि तळव्यावर नखाने जोरात टिचकी मारली.

"एवढा?"

"एवढा."

"एवढा मोठा!" ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला.

तपासणीला त्यांच्याबरोबर ताई गेली. डॉक्टरने कागद चाळले, चष्मा पुसला आणि त्या आवाजाचं विचारलं, की तो अजून आहे का.

"आहे," भाऊजी म्हणाले. "आता बायकोला येतो. मला गोदामात टाका."