बोर्दोमधला रविवार

दुबई मरीनात आमच्या बिल्डिंगखाली नवी बेकरी उघडली आहे. सकाळी तिथून ताज्या पावाचा वास आला की मला बोर्दो आठवतं. लेक फ्रान्समधल्या त्या जुन्या शहरात शिकायला गेली होती आणि शनिवार-रविवार गाठून मी आणि हे तिला भेटायला गेलो होतो. पिवळसर दगडी घरांच्या गल्ल्यांमधून ती आम्हाला भराभर चालवत होती, दुकानदारांशी फ्रेंचमध्ये बोलत होती. नदीचं गढूळ पाणी पाहून हे म्हणाले, "अगं, ही तर आपली चिपळूणची वाशिष्ठी!" ती नुसती हसली. रविवारी दुपारी विमानतळाकडे निघायची वेळ झाली. नदीकाठच्या बाकावरून मी उठले, तर तिने माझी ओढणी धरली. दुबईत वाढलेली, आमच्याशी कायम इंग्रजीत बोलणारी ती पोर मराठीत म्हणाली, "आई, अजून एक दिवस राहा ना." ह्यांनी लगेच तिकीट बदलायला फोन काढला. तशी ती डोळे पुसत म्हणाली, "नो बाबा, इट्स ओके. यू हॅव वर्क." आम्ही निघालो. आता ती तिकडेच नोकरी करते, व्हिडिओ कॉलवर भरभरून बोलते. फोन ठेवण्याआधी मी मात्र दर वेळी जराशी थांबते, ती पुन्हा तसं म्हणेल म्हणून.