नळाचं की टँकरचं

नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण परळमधल्या त्या दुपारइतकी धास्ती मी कधी घेतली नाही. मोठी जलवाहिनी फुटली होती. सगळी वस्ती टँकरवर होती, आमचं पोलीस ठाणंही.

सकाळी एका चाळीतून फोन आला. बोलणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका, बुद्धविहाराचं काम बघायच्या. "साहेब, टँकरच्या पाण्याला रंगासारखा वास येतोय. दोन म्हाताऱ्यांची तोंडं सोलली, ॲडमिट केलंय. इथलं मी बघते. अर्धा टँकर पुढे गेलाय, तो कुठे ओतला ते आधी शोधा."

स्टेशन डायरीत नोंद करून बिनतारी संदेश दिले. टँकर माटुंग्याला सापडला, रिकामा. चालकाला ठाण्यात आणलं.

"बाकीचं वाटेत गळलं, साहेब," एवढंच तो घोकत होता. माणूस पोलिसांपुढे आधी खोटं बोलतो, मग घाबरतो. हा आधीच घाबरलेला होता, म्हणून दरडावून उपयोग नव्हता. जेवणाची वेळ होत आली होती. कुठल्या तरी चाळीत लोक ते पाणी पीत असतील.

त्याचे ओठ सुकले होते. हवालदाराने रिवाजाप्रमाणे पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. त्याने विचारलं, "नळाचं की टँकरचं?"

"टँकरचं."

त्याने ग्लास हळूच मागे सारला.

"अरे, तुझा टँकर तर इकडे आलाच नाही," मी म्हटलं. "मग का पीत नाहीस?"

तो रडायलाच लागला. "मालकाच्या सगळ्या गाड्या तशाच चालतात, साहेब. केमिकलचं भाडं मारायचं, खंगाळायचं न् पाण्याला लावायची. नाय बोललो तर गाडी दुसऱ्याला देतो." मग त्याने लालबागमधली चाळ सांगितली.

ठाण्यातलं टँकरच्या पाण्याचं पिंप ओतायला सांगून मी जीप काढली. चाळीत पोचलो तेव्हा बायका भांडी घासत होत्या. एक पिंप पंचांसमोर सील केलं, बाकीची ओतायला लावली. एक बाई हलेना. "ओता की. पण भात याच पाण्यात शिजलाय. पोरं जेवून शाळेत गेली."

शाळेतून मुलांना थेट इस्पितळात नेलं. संध्याकाळपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून होतो. उलट्या झाल्या, पण मुलं वाचली. मला रडू आलं, ते कुणापासून लपवलं नाही.

चाळीत न हललेली ती बाईही तिथेच होती. तिला म्हटलं, "चालक अटकेत आहे. मालकालाही सोडणार नाही."

"ते ठीक आहे. उद्या पाणी कोण आणणार?"

मालकाच्या वकिलाने कागद दाखवले: गाडी चालकाला भाड्याने दिलेली, जबाबदारी चालकाची. मालकाचं नाव मी गुन्ह्यात घातलंच, पण त्याला त्याच रात्री जामीन मिळाला. चालकाला जामीनदारही मिळेना. बाकीच्या गाड्या थांबवायला प्रयोगशाळेचा अहवाल हवा होता, तो यायचा होता. कायदा पुराव्यासाठी थांबू शकतो, तहान थांबत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. शेजारच्या टॉवरमधले लोक पाणी तपासून घेत होते. चाळीला ती सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लालबागला गेलो. त्याच मालकाचा टँकर उभा होता, चालक तेवढा दुसरा. बायका हंडे घेऊन रांगेत होत्या, आणि ती बाई पहिली होती.