जुनं गाव पाहायला आलेले लोक

आमच्या गावाची वेस भोसल्यांच्या काळातली आहे. तिच्या डोक्यावर पिंपळ उगवलाय, एक बाजू कललीय. वेशीबाहेर आम्हा बौद्धांची सात घरं होती. पहिलं माझ्या मावशीचं. दीक्षेला वर्ष होऊन गेलं होतं, तरी गाव आम्हाला जुन्याच नावानं हाक मारत होतं.

त्या हिवाळ्यात वर्धेच्या रस्त्याला, वेशीपासून हाकेच्या अंतरावर, एका कमिटीनं जुन्या गावाचं प्रदर्शन उभारलं. बांबू, तट्टे, माती, वरून गेरू आणि चुना. नवीकोरी वेस, तेलघाणी, जातं, विहीर. विहीर म्हणजे नुसता कठडा, आत पाणी नाही. म्हणूनच तिच्यावर ‘सर्वांसाठी खुली’ अशी पाटी लावायला कुणाची हरकत नव्हती. खऱ्या विहिरीवर तशी पाटी लावून दाखवा म्हणावं. आमची वस्ती त्या नकली गावात नव्हतीच. आणि खऱ्या गावातूनही ती उठवायची, कारण रस्त्यावरून दिसते, अशी कमिटीत बोलणी चालू होती.

मी तेव्हा पत्रकं लिहून वाटायचो. मला वाटलं, नागपूरहून बस भरून येणारे हे शिकलेले लोक; एकदा खरं गाव डोळ्यांनी पाहिलं की कमिटीच्या अभिप्रायाच्या वहीत आमच्या बाजूनं लिहितील. मग घरांना हात लावायची कुणाची छाती होणार नाही.

मावशी म्हणाली, "त्याइले इकडं काऊन आणतं? मी भांडे घासून राह्यली. माह्या घरात पाह्यासारखं काय आहे?"

"घर आहे, तेच पाहू दे," मी म्हणालो.

एक वकील, त्यांची बायको आणि बरोबरची चार-पाच माणसं मी घेऊन आलो. बाईंनी वेशीकडे पाहिलं. "ही खरी? मग तिकडची इतकी नीट कशी?"

"तिकडची बांधून महिना झाला, बाई."

"असेल," वकील म्हणाले. "पण जुना काळ तिकडे जाणवतो. इथे नाही."

बाईंनी मावशीकडे बोट केलं. "हे लोक अलीकडेच येऊन बसले असतील, नाही?"

मावशी राखेच्या हातानंच उठली. "माह्या सासऱ्याचा बाप याच वेशीचा वेसकर होता. आमी अलीकडचे, अन् थे तट्ट्याची वेस जुनी?"

मंडळी हसली. "बोलते छान," एकजण म्हणाला. "हिला तिकडे जात्यावर बसवायला हवं होतं."

तिथेच मला कळायला हवं होतं. पण मी त्यांच्या मागे मागे प्रदर्शनात गेलो, वही पुढे केली, पेन्सिलही माझीच दिली. म्हटलं, जे पाहिलं ते लिहा. वकिलांनी वळणदार अक्षरात लिहिलं: जुनं गाव अप्रतिम, मात्र वेशीजवळच्या झोपड्यांनी रसभंग होतो, त्या हलवाव्यात. खाली बाकीच्यांनी सह्या केल्या.

आठवड्याभरात कमिटीचे अध्यक्ष ती वही काखेत घेऊन वस्तीत आले. "आम्ही नाही म्हणत," ते म्हणाले, "पाहुणे म्हणतात. अन् त्यांना आणलं कुणी, ते याला विचारा."

नाल्याकाठची जागा मिळाली. पावसाळ्यात तिथं गुरंही उभी राहत नाहीत. मावशी स्वतः छपरावर चढून एकेक कवेलू खाली देत होती. मी हात पुढे केला.

"तू नोको," ती म्हणाली. "तुले लिवाचं राह्यलं असन काही. जा, लिव."