काल कुठं व्हतं हे?

लॅपटॉप समोर ठेवला की ताई त्याला लगेच हात लावायच्या नाहीत. आधी पदराने चष्मा पुसायच्या, मग आपल्याकडे बघून विचारायच्या, "काल कुठं व्हतं हे?" पोट दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरने रात्री काय खाल्लं ते विचारावं, तसं. आपण कुरकुरावं की इंटरनेट आज बंद आहे, कालचं काय घेऊन बसलात? तरी त्या उत्तराची वाट बघायच्या.

मी ग्रामसेवक. औंढा नागनाथच्या बाजूची तीन गावं माझ्याकडे आणि पंचायत समितीच्या ऑफिसने दिलेला एक म्हातारा लॅपटॉप खांद्याला. सकाळी तो ऑफिसच्या वायफायवर, दुपारी एखाद्या ग्रामपंचायतीत, संध्याकाळी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. एक ठिकाण सोडून दुसरीकडे गेला की हटून बसायचा. आम्हा अकराही ग्रामसेवकांची हीच रड होती आणि ती ऐकून घेणारं माणूस एकच, कंत्राटावरच्या आमच्या ताई. वय पन्नाशीचं. आधी जवळा बाजार गावात एसटीडी बूथ चालवायच्या. मोबाइल आले, बूथ बंद पडला, तशा ताई कॉम्प्युटर शिकल्या आणि आमच्या ऑफिसात आल्या.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याच्या टेबलावर नावाची पाटी नसते, पण साहेबांच्या केबिनपेक्षा गर्दी तिथेच जास्त असते.

एकदा मी पुसेगावहून एक प्रशिक्षण करून आलो. तिथल्या माणसाने माझ्या लॅपटॉपमध्ये कसलेसे आकडे भरून दिले होते, त्यावर तो तिथे झकास चालला. ऑफिसात आल्यावर वायफाय जोडलेलं दिसे, पण एक पान उघडेल तर शपथ. दोन दिवस मी तो बंद-चालू करत बसलो. ताईंनी कालचं विचारलं, परवाचं विचारलं, आणि पुसेगावचं नाव निघताच हसल्या. तिथे हाताने भरलेले ते आकडे म्हणजे तिथल्या नेटवर्कवरचा लॅपटॉपचा पत्ता, तो तसाच राहिला होता.

"नवरी सासरी आली, भाऊसाहेब, अन् पत्ता माहेरचाच सांगून राहिली. टपाल कसं यावं तिला?"

पत्ता आपोआप घेण्याची खूण कुठे आहे ते त्यांनी दाखवलं, पण दाबायला मलाच लावली. हा त्यांचा शिरस्ता होता. "बटन तुमीच दाबा. मी दाबलं तर उद्या परत येताल." मला कोणी शिकवलेलं मुळीच खपत नाही, पण ताईंकडून शिकताना कमीपणा वाटत नसे. त्यांची ती नवरीची उपमा मात्र मी पुढे चार ठिकाणी स्वतःची म्हणून खपवली.

मग व्हायचं तेच झालं. अर्ध्या हळकुंडाने मी पिवळा झालो. मासिक बैठकीत उभा राहून मी योजना मांडली की सगळ्या ग्रामसेवकांनी आपल्या हॉटस्पॉटला एकच नाव आणि एकच पासवर्ड द्यायचा. म्हणजे कोणाचाही लॅपटॉप, कोणत्याही गावात, कोणाच्याही मोबाइलला जोडला जाईल. टाळ्या पडल्या. ताईंनी एवढंच विचारलं की सगळे एका जागी जमले तर काय? मी म्हणालो, मग तर चांगलंच, अकरा जणांचं इंटरनेट मिळेल. त्या पदराने चष्मा पुसायला लागल्या.

जमलो ते जवळा बाजारला, दाखल्यांच्या शिबिरात, पत्र्याच्या एका हॉलमध्ये. आठवडी बाजाराचा दिवस. चारच्या सुमाराला शेजारच्या गावचा एक मजूर लेकीला घेऊन माझ्या टेबलापाशी आला. पोरीचा नर्सिंगला नंबर लागला होता. जागा घेत असल्याचं त्याच दिवशी पाचच्या आत ऑनलाइन कळवून कागद चढवायचे होते, नाहीतर जागा पुढच्याला जाणार होती. त्यांच्या गावात सकाळपासून लाइट नव्हती आणि मोबाइलवर ते पान अर्धंच उघडत होतं.

मी ऐटीत लॅपटॉप उघडला. हॉटस्पॉट जोडलेला दाखवत होता, पण पान हलेना. बंद केला, चालू केला, प्लग बदलला. पोरगी फाइल छातीशी धरून समोर बसली होती. तिची नजर पडद्यावरच्या घड्याळावर होती.

साडेचारला ताई त्यांच्या टेबलावरून उठून आल्या. या वेळी त्यांनी कालचं विचारलं नाही. हॉलभर नजर फिरवली, आमचे अकरा मोबाइल बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. मला कळलं. अकरा मोबाइलचं नाव एकच, लॅपटॉप सगळ्यांत जवळचा धरून बसत होता आणि पत्र्याखाली रेंजच नव्हती. एखादा मोबाइल बाहेर रेंजमध्ये नेला असता, तरी लॅपटॉप आतलाच धरणार होता. माझ्या अकलेपायी पोरीची जागा चालली होती. आता ताई ते सगळ्यांसमोर सांगणार, म्हणून मी मान खाली घातली.

"लॅपटॉप लई जुना झाला," त्या मोठ्याने म्हणाल्या. "समद्यांनी आपापला हॉटस्पॉट बंद करा."

लॅपटॉप जुना असण्याचा आणि मोबाइल बंद करण्याचा काय संबंध, हे कोणीही विचारलं नाही.

लॅपटॉपची बॅटरी कधीच गेली होती. प्लगपासून तो हलवता येत नव्हता. ताईंनी आपल्या हॉटस्पॉटला वेगळं नाव दिलं, तो लॅपटॉपला जोडून घेतला आणि मोबाइल घेऊन हॉलच्या मागे गेल्या. तिथे खिडकीबाहेर सिमेंटचं बाकडं होतं. त्यावर उभं राहून हात वर धरला तरच रेंजच्या दोन काड्या येत होत्या. खिडकीतून त्यांचा आवाज आला, "दाबा आता. मी हलत न्हाई."

पान उघडलं. एकेक कागद चढला. पाचला दहा मिनिटं कमी असताना जागा पक्की झाल्याची हिरवी अक्षरं आली आणि बाप तिथेच खाली बसला. पोरगी तेव्हा रडली. मग साहेब आले, पुढच्या दारात फोटो काढला, बाजारातून पेढे आले. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

पुढे ताईंचं कंत्राट वाढलं नाही. त्या परभणीला लेकीकडे गेल्या. तो फोटो ऑफिसात अजून आहे आणि त्यात ताई नाहीत. का नाहीत, ते आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी पेढा घेऊन मी हॉलच्या मागे गेलो तेव्हा साडेपाच होत आले होते. काम झाल्याचं त्यांना सांगायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. बाजारातल्या भोंग्यांच्या गोंगाटात आतलं काही त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्या बाकड्यावरच उभ्या होत्या. मोबाइल धरलेल्या उजव्या हाताचं कोपर डाव्या हाताने पेलून धरलं होतं. मला बघूनही त्यांनी हात खाली घेतला नाही.

"झालं का पोरीचं?"

"झालं," मी म्हणालो. कधी झालं, ते मला सांगवलं नाही.