रुमाल टाकलेली जागा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. म्हणजे नव्हता... असं लिहितानाही मला स्वतःचा राग येतोय. असले धागे मी वाचायचे ते फक्त हसायला. तेव्हा खाली प्रतिसादांत येऊन 'तुम्हाला झोप लागली असेल' म्हणणाऱ्यांनी आधी नीट वाचावं. मी जागी होते, खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि आजूबाजूला माणसं जेवत होती.

आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला राहतो. सासूबाई आमच्याकडे आलेल्या असताना ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यांनी पुण्याला परत जायचा धोशा लावला. सर्जन म्हणाला, इतका वेळ बसून नेऊ नका, पायात रक्ताची गाठ होईल. झोपून नेता येत असेल तरच न्या. म्हणजे बिझनेस क्लास. नवऱ्याचा व्हिसा स्टँप संपलेला, तो बाहेर पडला तर परत कधी येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे बरोबर जायचं ते मी. त्यांना बिझनेस, मला मागे इकॉनॉमी.

माझं आणि सासूबाईंचं कधीच पटलं नाही, हे लपवून काय उपयोग! माझा चहा पाणचट, माझी पोळी जाड, माझं बोलणं फटकळ. शेवटचं खरं आहे. पुण्यात धाकटी जाऊ स्मिता, ती मात्र गुणाची.

तर मी कंपॅरिझन करायला बसले. पॅसिफिक ओलांडून जाणाऱ्या तीन एअरलाइन्स निघाल्या. एकीत सीट पूर्ण आडवी होत नव्हती. दुसरीत झोपता यायचं, पण खिडकीपाशी बसलेल्याला उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. मोडलेला खुबा घेऊन? तिसरीत मात्र प्रत्येक सीट सुटी, तिला सरकतं दार, बाथरूम जवळ. मराठी ग्रुपवर विचारलं, तर तिथे नेहमीप्रमाणे भांडणं. एक काका म्हणे तिसरीचं जेवण वाईट. अहो, जेवणाचं कोण विचारतंय?

मी तिसरीचा सीट मॅप उघडला. सासूबाई वॉकर टेकत मागे येऊन उभ्या राहिल्या आणि खिडकीजवळच्या एका सीटवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही नको. ही धरलेली आहे."

"आई, हिरवी दिसतेय म्हणजे रिकामी आहे."

"मला रंग शिकवू नकोस. धरलेली आहे म्हणते ना मी!"

माझं टाळकं सरकलं. बाथरूमला सगळ्यात जवळची तीच होती. मी त्यांच्यादेखत तीच बुक केली.

निघायच्या दिवशी व्हीलचेअर विमानाच्या दारापर्यंत गेली. तिथून मी त्यांना हाताला धरून सीटपाशी नेलं. सीटवर एक रुमाल होता. बायकांचा, सुती, घडी घातलेला, कडेला क्रोशाची वीण. आधीच्या फ्लाइटमधल्या कुणाचा तरी राहिला असेल म्हणून मी तो उचलून एअर होस्टेसच्या हातात दिला.

"उचललास?" सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडच्या माणसाने हेडफोन काढले. "अगं, रुमाल टाकून जागा धरलीय कुणीतरी. असा उचलतात का?"

"आई, ही एसटी नाहीये!" मीही ओरडले. त्यांना जवळपास ढकलूनच बसवलं आणि मागे माझ्या सीटवर गेले.

जेवणं सुरू होती तेव्हा तीच एअर होस्टेस मला शोधत आली. तुमच्या मदर-इन-लॉ झोपायला तयार नाहीत, मघापासून उभ्याच आहेत म्हणाली. मी तणतणत पुढे गेले. सीट उघडून बेड केलेला, चादर घातलेली आणि सासूबाई दाराला धरून उभ्या. पाय थरथरत होता. चादरीच्या मधोमध तोच रुमाल.

एअर होस्टेसने तो पाहिला आणि स्वतःच्या एप्रनचा खिसा चाचपला. रिकामा होता.

"उठत नाहीये ती," सासूबाई म्हणाल्या. "मी दोनदा सांगितलं."

माझा संयम संपला. "कोण उठत नाहीये? बघा! कोणी नाहीये इथे!" असं म्हणून रुमाल भिरकावला आणि मीच त्या बेडवर आडवी झाले.

आधी बरगडीत कोपर बसलं. गर्दीत जागेसाठी बाई रेटते ना, तसं मुद्दाम, हाड शोधून. मी उठायला गेले तर उठता येईना. पोटावर गुडघा आल्यासारखं वजन. मग गळ्याशी हात. दिसत काहीच नव्हतं... वर लायटिंग, बाजूला खिडकी, खिडकीत ऊन. पण ती बोटं मला वेगवेगळी कळत होती आणि त्यांत एवढा द्वेष होता की मला रडू आलं. ओरडायला श्वासच नव्हता.

तेवढ्यात सासूबाईंनी दार सोडलं. मोडक्या पायावर भार देऊन त्या पुढे आल्या आणि माझ्या अंगावरच्या हवेत हात घालून काहीतरी खेचायला लागल्या. "ओ बाई! हात काढा आधी! माझी सून आहे ती! नको आम्हाला तुमची जागा, घाला चुलीत! सोडा तिला!"

वजन गेलं. मी खाली पडले. एअर होस्टेस पाणी आणायला धावली. तिला फक्त मी गुदमरताना आणि एक म्हातारी हवेशी झोंबताना दिसली.

सासूबाई त्या सीटवर परत बसल्या नाहीत. दुसरी बिझनेस सीट रिकामी नव्हती. टोकियोला विमान बदलेपर्यंत त्या इकॉनॉमीत माझ्याशेजारी बसून आल्या. पुढच्या विमानात नीट झोपायला मिळालं, पण तोवर पाय सुजून टणक झाला होता. पुण्याला पोचल्यावर घरी न जाता थेट हॉस्पिटल. गाठ झाली होती.

नवरा म्हणतो, पॅनिक अटॅक. मग गळ्याजवळचे चार काळेनिळे वण कशाचे? पुण्याच्या डॉक्टरांनी ते पाहिले आणि माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" एअरलाइनला ईमेल केला. त्यांचं उत्तर आलं, सीटमध्ये काही बिघाड नव्हता. ती बाई कोण, मराठी होती का, तिला कुठे जायचं होतं... मला काहीही माहीत नाही.

हॉस्पिटलमध्ये स्मिता सगळ्यांसमोर मला म्हणाली, "वहिनी, एवढं ऑपरेशन झालेल्या माणसाला तुम्ही बसवून आणलंत? झोपायची सीट होती ना?" काय सांगणार?

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "तिला बोलू नकोस. ती मला झोप म्हणतच होती. मीच उठून आले." मग माझ्याकडे वळून, "चहा आण जा. आणि जरा दाट कर."